रिलिव्हर

कुपवाडात कुणाला "सध्या काय चाललंय?" असं विचारलं, तर माणूस तब्येत, पोरंबाळं, पाऊसपाणी यातलं काही सांगत बसत नाही. "थर्ड चाललीय," एवढंच म्हणतो. त्यात सगळं आलं. डोळे का लाल आहेत, भरदुपारी लुंगीवर दारात का उभा आहे, गल्लीतल्या पोरांच्या बॉलचा टप्पा ऐकून हा अंगावर का धावून जातो, सगळ्याचा खुलासा त्या दोन शब्दांत होतो. एमआयडीसीच्या गावातल्या घड्याळाला बारा आकडे लागत नाहीत. सात, तीन आणि अकरा एवढे तीन पुरतात.

इथल्याच एका फौंड्रीत मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १८ शिफ्ट इनचार्ज म्हणून. रात्री तीन वाजता डुलकी काढणाऱ्या माणसाला नुसत्या खाकरण्यानं जागं करायचं कसब माझ्या अंगी होतं. त्यामुळं लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी हिला तोऱ्यात सांगितलं, "रात्रीच्या जागरणाचं तुम्ही दोघी मनावर घेऊ नका. तो माझा विषय आहे."

ही काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते बघणं मला वाचता यायला हवं होतं.

मिरजेच्या दवाखान्यातून नात घरी आली ती २ किलो ९०० ग्रॅमची. आमच्या फौंड्रीत याहून हलकं कास्टिंग कुणी हिशेबातसुद्धा धरत नव्हतं. पण उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकेपर्यंत तिनं घराचा चार्ज घेतला होता. बारसं व्हायचं होतं, नाव ठरायचं होतं, हुद्दा मात्र पहिल्याच रात्री ठरला. आम्ही तिला बाईसाहेब म्हणू लागलो.

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. या तिघांना एकत्र आणून नेमकं काय साधलं, यावर आमच्या कट्ट्यावर अजून वाद चालतो. मला उत्तर बाईसाहेबांकडं बघून मिळालं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीचं नाटक तिच्या अंगात आहे. डोळ्यांत टिपूस नसताना ती ओठ असा काढते की बघणाऱ्याचा जीव कालवावा. अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले आणि मीरासाहेबांच्या उरुसात अजून रात्र रात्र गाणं चालतं, त्या मिरजेचा गळा तिला मिळालाय. खालच्या सुरात कुरकुर करत ती आलापी सुरू करते, घाई अजिबात नसते, आणि घरातला शेवटचा माणूस उठून बसला की तार षड्जावर पोचते. आणि या दोन्हींचा कार्यक्रम ठेवायची वेळ तिनं कुपवाडची निवडली. रात्री अकरा ते सकाळी सात.

पहिल्या रात्री मी जुनी शिफ्ट डायरी काढली. नोंदी ठेवल्याशिवाय सुधारणा होत नाही, असं मी ३१ वर्षं लोकांना सांगत आलो. त्या रात्रीचं पान अजून माझ्याकडं आहे. १०.४० पाजलं. ११.०५ झोपली. ११.२० उठली, कारण अज्ञात. ११.३० लंगोट. ११.४५ परत पाजलं. १२.३० उचकी. १.१० पाजलं. १.४० रडणं, कारण अज्ञात. दोनच्या पुढं पानावर एक लांबलचक तिरकी रेघ आहे. ती कसली नोंद नव्हे. पेन टेकलेलं असताना मला झोप लागली.

सकाळी चहा देताना ही म्हणाली, "तुमचा विषय राहिला ना अर्धा?"

लसीकरणाला गेलो तेव्हा मी डायरी घेऊनच डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, तान्हं बाळ चोवीस तासांत १६-१७ तास झोपतं." मी घरी येऊन बेरीज केली. खरंच सोळा तास भरले. रक्कम चोख होती, पण सगळी चिल्लर! वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, फार झालं तर दोन तास. शंभराची सलग नोट एकही नाही. आणि आईला हवी असते ती नोट. आठाण्यांची नाणी मोजून कुणाला झोप येते?

यामागचं कारणही त्यांनी सांगितलं. जन्मल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं ते चमचाभर चिकाचं दूध. पुढं पोट वाढत जातं, पण आईचं दूध पचायला हलकं, लवकर जिरतं. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्यातून बाळाला दिवस आणि रात्र हा भेदच ठाऊक नसतो. पोटात असताना आई दिवसभर चालायची, तो त्याचा पाळणा. रात्री ती आडवी झाली की पाळणा थांबायचा आणि हे लाथा मारायचं. म्हणजे बाईसाहेब नऊ महिने थर्ड शिफ्टच करत होत्या. आम्ही त्यांची जनरल शिफ्टला बदली करू बघत होतो, आणि बदलीची ऑर्डर निघायला दोन-तीन महिने लागतात. बाळाचं अंगचं घड्याळ चालू व्हायला तेवढा वेळ जातो. तोवर त्याला वेळ कळते ती आईच्या दुधातून. अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलॅटोनिन आईच्या रक्तात वाढतं आणि तिथून रात्रीच्या दुधात उतरतं. रात्रीचा माल रात्रीचा शिक्का मारूनच येतो म्हणायचा!

मग बाईसाहेब झोपेत हसतात ते? आमच्याकडं पाचवीला सटवाई पुजतात. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री येऊन ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून. (त्या कागदाशेजारी माझी शिफ्ट डायरी राहून गेली होती. सकाळी हिनं ती उघडून बघितली आणि "सटवाईनंसुद्धा रेघच मारलीय" म्हणाली.) बाळ झोपेत हसलं की "सटवाई हसवतीया" म्हणायचं, ओठ काढला की "सटवाई रडवतीया". डॉक्टरीणबाई म्हणतात, तान्ह्या बाळाची निम्मी झोप अशीच चाळवलेली असते. डोळे पापणीखाली फिरतात, तोंड वेडंवाकडं होतं, हातपाय उडतात, कण्हणंही होतं, आणि हे सगळं झोपेतच. आम्ही काय करायचो, कण्हलं की उचलायचो. म्हणजे झोपलेल्या पोरीला आम्हीच उठवत होतो. मशीननं आवाज केला म्हणून लगेच खोलायचं नसतं, हे नव्या हेल्परला मीच शिकवायचो. घरात मीच हेल्पर निघालो.

आता दुधाविषयी. या विषयात मला जे कळतं ते सगळं दाराबाहेरून कळलेलं आहे. लेक पाजायला बसली की मी उठून बाहेरच्या खोलीत जातो आणि पेपर उलटा धरून वाचतो. पण आमच्या घरात खालच्या आवाजात कुणालाच बोलता येत नाही, त्यामुळं माहितीचा तुटवडा पडला नाही.

बाळ बघायला येणाऱ्या बायका झबलं-टोपडं आणतात, आणि एक प्रश्न आणतात. झबल्याचा रंग बदलतो, प्रश्न बदलत नाही. "दूध पुरतंय का?" पहिल्या तीन आठवड्यांत हा प्रश्न मी सदतीस वेळा मोजला. त्याच्या पाठोपाठ "बाळ जरा हडकुळंच दिसतंय" येतं, आणि चहा संपता संपता "आमच्या सुनेचंही असंच झालं होतं, मग डब्याचं दूध लावलं" येतं. बाळ रडलं तर पोट भरलं नाही, झोपलं तर अशक्तपणानं झोपलं, हसलं तर सटवाई. आमच्या दूधवाल्यानंही सोडलं नाही. कॅन खाली ठेवत म्हणाला, "वरचं दूध चालू करा की. निम्मं पाणी घालून." पाणी घालायच्या कामात तो आधीच तरबेज आहे, त्याला आमची मदत लागली नसती.

त्या दिवशी पाहुण्या गेल्यावर लेक पाजायला बसली, तर दूध उतरेना. पोरगी रडतेय, आई रडतेय, आणि आजी चुलीवरच्या अळिवाच्या खिरीत आणखी गूळ ढकलतेय.

याचाही खुलासा पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी केला, आणि मला तो चटकन कळला, कारण ती सरळ सरळ कारखान्याची व्यवस्था आहे. दोन खाती. एक प्रोलॅक्टिन, ते प्रॉडक्शन. दुसरं ऑक्सिटोसिन, ते डिस्पॅच. प्रॉडक्शनला ऑर्डर मिळते ती माल उचलला गेला की. बाळ जितकं ओढेल तितकं पुढचं बनतं. माल अंगावर तुंबला की प्रॉडक्शन आपसूक मंदावतं. म्हणून डबा लावला, की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, आणि मग "बघा, म्हणत नव्हते?" म्हणायला शेजारीण मोकळी. जपानी लोकांनी मोठमोठी पुस्तकं लिहून उचल होईल तेवढंच बनवायची जी पद्धत जगाला शिकवली, ती इथं विनासल्लागार चालू आहे. आणि प्रोलॅक्टिनचा जोर सगळ्यात जास्त असतो तो रात्री. थर्ड शिफ्टला बाकी दोन शिफ्टींपेक्षा जास्त जोर असतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

डिस्पॅच खातं मात्र भलतं लाजाळू. दुखणं, धास्ती, अपमान यांचा वारा लागला की गाडी गेटवर अडते. माल आत तयार असतो, बाहेर निघत नाही. म्हणजे "दूध पुरतंय का?" हा प्रश्नच दूध अडवतो. इतकं सोपं साबोटाज आमच्या युनियनलाही कधी सुचलं नव्हतं.

"मग पुरतंय की नाही हे कळायचं कसं?" मी विचारलं.

"लंगोट मोजा," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले झाले, की निश्चिंत राहा. आणि वजन. पहिले तीन-चार दिवस थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं."

हे माझ्या हातातलं काम होतं! एवढी वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनच्या सह्या केल्या होत्या. श्रावणाची झड लागली होती, कुठलंच कापड वाळत नव्हतं. जिन्यात, खिडकीत, देवघराच्या दारावर, टीव्हीच्या दोन बाजूंना, जिथं खिळा तिथं दोरी आणि दोरी तिथं लंगोट. पुढच्या पाहुणीनं तोंड उघडलं तसं मी हात करून माळ दाखवली. "दहा आहेत. मोजून घ्या." तिनं खरंच मोजले. नऊच भरले. दहावा माझ्या मांडीवर होता.

बाळंतिणीच्या खुराकाबद्दल आमच्या हिचं आणि शास्त्राचं तात्त्विक भांडण आहे. पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात, तहान लागेल तसं पाणी लागतं, आणि घरचं चौरस अन्न पुरतं, असं शास्त्र म्हणतं. ही म्हणते, शास्त्राला बाळंतपण कुठं आलंय? मग डिंकाचे लाडू झाले, मेथीचे झाले, अळिवाचे झाले, खसखशीची खीर झाली, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी तर विचारूच नका. लेकीला चार घास गेले की ती म्हणायची, "अप्पा, तुम्ही घ्या ना." अन्न टाकू नये. बाळंतिणीनं भरून काढायची झीज अशा तऱ्हेनं माझ्या अंगावर भरून आली. सव्वा महिन्यात पायजम्याची नाडी दोन बोटं आखूड झाली.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींशीही शास्त्राचं जमेना. मध चाटवायचा नाही, गुटी द्यायची नाही, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवायची नाही, ओवा-शेपाची धुरी नको, बाळाला उताणंच निजवायचं, तोंडाजवळ दुपटं-गोधडी काही ठेवायचं नाही, ही यादी लेकीनं वाचली तेव्हा मावशींनी पदर खोचला. "का वो? मी काय शेरडं राखली व्हय आजवर? या गल्लीतली निम्मी पोरं या पायावर न्हाऊन मोठी झाल्यात. ह्यो तुमचा अप्पा बी कुणाच्या तरी पायावर न्हाला आसंलच की." पण बाई समजूतदार. धुरी सोडली, उशी सोडली. गुटीची सहाण तेवढी खिडकीत ठेवली, "नुस्ती बघाय." त्यांच्या हाताचं तेल, कढत पाणी आणि पायावरची अंघोळ झाली, की बाईसाहेब दोन तास गाढ झोपायच्या. चोवीस तासांतली मोडावी लागू नये अशी एकच नोट, ती मावशींनी मिळवून दिली.

सहाणेवरून आठवलं. "रात्री झोपत नसंल तर जायफळ उगाळा की चार वेढं," असं एकीनं सुचवलं, तेव्हा लेक घाबरली आणि मी गप्प झालो. बाळ झोपावं म्हणून काहीतरी चाटवायचं, ही गोष्ट मला दुसरीकडून ठाऊक होती. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन कामावर जायच्या. 'बाळागोळी' म्हणायचे तिला. १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीतही ते नोंदलं गेलं. त्या बाया काही निर्दय नव्हत्या. साच्यावर पोहोचायची वेळ ठरलेली, पोराच्या भुकेची वेळ ठरलेली नाही, आणि दोन्हींच्या मध्ये उभं राहायला माणूस नाही. अशा वेळी गोळी स्वस्त पडते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेचं विधेयक आलं, डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा आला तो १९६१ साली. २०१७ पासून पगारी रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला जादा सुट्टी द्यायची, हेही त्या कायद्यात होतं.

हे मला आज माहीत आहे. नोकरीत असताना नव्हतं. या कायद्याचा गोषवारा कारखान्यात दर्शनी भागी लावावा लागायचा, तसा तो आमच्याही गेटजवळ टांगलेला होता. दर खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली की मी त्या बोर्डालाही झेंडूचा हार घालायचो. वाचला कधी नाही. आमच्या कोअर शॉपमध्ये मोजक्या बायका होत्या. त्यातली एक लेकुरवाळी मला एकदा म्हणाली, "साहेब, जरा घरी जाऊन येऊ का? बाळाला पाजून येते, दहा मिनिटात." मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चहाची सुट्टी आहे की." ती मान हलवून मागं फिरली. ती पदर सारखा पुढं का ओढत होती, हे कळायला मला आजोबा व्हावं लागलं.

ऑगस्टचा पहिला आठवडा हा जगभर स्तनपान सप्ताह असतो. त्याच आठवड्यात आशाताई आमच्याकडं आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, वजनाची झोळी. बाळ घरी आल्यावर ठरावीक दिवशी घरी येऊन तपासायचं, ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली आणि तिथून ती देशभर गेली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. इतकं वेळेवर येणारं इन्स्पेक्शन मी नोकरीत बघितलं नव्हतं. त्यांनी झोळीत घालून बाईसाहेबांचं वजन घेतलं. बाईसाहेबांनी झोळी ओली केली. तेही शेऱ्यात गेलं.

मग फॉर्म मिटता मिटता त्यांनी लेकीला विचारलं, "ताई, तुमची झोप किती होते?"

सदतीस बायकांनी दुधाची चौकशी केली होती. झोपेची ही पहिली. लेकीनं तोंड उघडलं, आणि उत्तराच्या जागी नुसतंच रडू आलं. आशाताईंनी तिचा हात धरला आणि आमच्या दोघांकडं बघून एवढंच म्हणाल्या, "पाजायचं तिनंच. बाकीचं तिनंच का?"

रात्री मी हिला म्हणालो, "आपली लेक झाली तेव्हा रात्री कोण उठायचं गं?"

ही लंगोटांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही थर्डला होता. साडेसातला घरी यायचा आणि म्हणायचा, पोरीला बाहेर ने, मला झोपू दे. मी तिला घेऊन मागच्या दारी लिंबाखाली बसायची, तुमची झोप होईस्तोवर. मग तुमचं जेवण, मग डबा. रात्री परत ती."

"मग तू कधी झोपायचीस?"

तिनं थोडा विचार केला. "तुमचं झोपणं आठवतंय," ती म्हणाली. "माझं नाही आठवत."

कारखान्याचा एक नियम शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. आणि रिलिव्हर आलाच नाही तर डबल करायची, पण तिचा ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात तसं लिहिलेलं होतं. मी अंथरुणात पडल्या पडल्या हिचा ओव्हरटाइम मांडायला घेतला. रोजच्या लागोपाठ तीन शिफ्टी, वीकली ऑफ शून्य. पहिल्या सहा महिन्यांतच माझी ग्रॅच्युइटी संपली. फंडाला हात घालायच्या आत मी हिशेब थांबवला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर ड्यूटी चार्ट लागला. पाजणे या रकान्यात लेकीचं नाव, त्याला इलाज नाही. बाकीचे रकाने मात्र फोडले. ढेकर काढणे, लंगोट, फेऱ्या मारणे, पाहुण्यांना दारातच चहा देऊन परत लावणे. पुण्याहून जावईबापू फोनवरच्या ॲपमध्ये बाळाच्या झोपेचे रंगीत आलेख काढून पाठवायचे. त्यांना कळवलं, आलेख सुंदर आहेत, आता शनिवार-रविवार प्रत्यक्ष येऊन नाइट करा. आले बिचारे. पहिल्या सोमवारी पुण्याच्या गाडीत बसले आणि म्हणे थेट पुण्याच्या पुढच्या स्टेशनावर जाग आली. हिच्या नावापुढं रविवारी दुपारी दोन ते पाच वीकली ऑफ लिहिला. पहिल्या रविवारी ती नुसतीच आडवी पडून छताकडं बघत राहिली. सवय नव्हती. तिसऱ्या रविवारी घोरण्याचा आवाज हॉलपर्यंत आला. मी टीव्ही बंद केला.

माझ्या वाट्याला पहाटे साडेचार ते साडेसात. लेक पाजते, दार किलकिलं करते आणि झोपेतच चार्ज देते. "उजवीकडचं झालंय. ढेकर बाकी. लंगोट कोरडा." आमच्या फौंड्रीत इतका स्वच्छ चार्ज मला कधी कुणी दिला नाही. मी बाईसाहेबांना खांद्यावर घेतो, पाठीवर थोपटत गॅलरीत फेऱ्या घालतो. बाहेर पावसाची भुरभुर, दिव्याखाली ओली एमआयडीसी, लांबून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची शिटी. एक ढेकर यावा म्हणून माणूस इतका आसुसलेला असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो आला की भट्टीतून पहिला लॅडल भरून निघावा तसं वाटतं.

परवा सकाळी सातच्या सुमाराला फस्टची माणसं कामावर निघाली होती आणि थर्डची परतत होती. माझ्या हाताखाली काम केलेला एकजण मोटारसायकलवरून चालला होता. डोळे तांबारलेले, कानाला मफलर. मला गॅलरीत बघून त्यानं गाडी थांबवली.

"काय साहेब, एवढ्या सकाळचं? काय चाललंय?"

मी आतल्या दारांकडं बघितलं. एका खोलीत लेक झोपलेली, दुसरीत तिची आई. दोन्ही दारं बंद. हळू आवाजात म्हणालो, "थर्ड चाललीय."

"रिटायर झालायसा न्हवं?"

"बदली कामगार म्हणून लागलोय."

तो हसला. "पगार किती?"

मी काही बोलायच्या आत बाईसाहेबांनी माझ्या खांद्यावर कोमट दुधाची गुळणी सोडली. बनियनवरून ती निवांत खाली ओघळली.

"हा बघ," मी म्हणालो. "आत्ताच जमा झाला."